एकवीस दिवसांची तलवार

मार्केट यार्डात, तौफिकच्या चुलत्यांच्या हळदीच्या गोदामावर
एक खोली आहे. रविवारी तिथं आमचं राज्य.
नकाशा पसरायचा, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची,
तराजूतली, जुनी, पावशेराची,
आणि मी म्हणायचं : तुम्ही वेशीपाशी आलात.
की सगळे आधी बाजारात शिरतात.

पद्मजा यादी बघून घेते. दोर, मशाल, विषावरचा उतारा.
तौफिक माझ्या हातावर रुमाल टाकतो,
खालून बोटं दाबतो, आज्जा सौद्यात दाबायचा तशी,
आणि चाळीस मोहरांचं चिलखत एकतीसला नेतो.
शीतल चौगुले दिवस मावळायच्या आत डबा संपवतो
(त्याचा बुटका लोहार मात्र मध्यरात्री रानडुक्कर खातो)
आणि म्हणतो, मी घेणार नाही. मी करणार.

नियम सांगितला : निम्मी किंमत,
एकवीस दिवस, तीनदा फासा.
पद्मजा म्हणाली, एकवीस दिवसांत राक्षस
निम्मं राज्य खाईल.
खाऊ दे, म्हणाला.

कशी करणार, मी विचारलं. विचारायची पद्धत म्हणून.
तो बोलत राहिला.
लोखंड कुठल्या रंगाला ऐकायला लागतं,
घण कुठं जड पाडायचा, कुठं नुसता ठेवायचा,
पात्याला पाणी पाजताना श्वास का धरायचा.
भडंग मऊ पडलं.
खाली हमाल पोती लावत होते, तेवढाच आवाज.

फासा पडला. तीन.
पुस्तकात होतं ते मी वाचलं : माल वाया.
तो नकाशाकडे बघत राहिला, मग म्हणाला,
पाणी गार होतं. कोमट घ्यायला पाहिजे होतं.

सोमवार ते शनिवार तो कुपवाडला लेथवर असतो.
पाळीला आठशे बुश. कुठल्या मशीनला बसतात,
ती मशीन कुठल्या गावात काय करते, माहीत नाही.
एकदा आयर्विन पुलावर गाडी थांबवून म्हणाला,
नऊ वर्षं झाली गं. घरात माझ्या हातचं काय आहे?
बाटलीचं एक ओपनर.
तेही घरात कोण वापरत नाही.

पुढच्या रविवारी खिशातून काढला :
पितळेचा फासा, वीस तोंडांचा,
भंगारातल्या तुकड्यातून, जेवणाच्या सुट्टीत कानस मारून,
आकडे पंचनं ठोकलेले, सोळा थोडा वाकडा.
जड. टेबलावर पडला की खालचा हमाल वर बघायचा.
आणि सात जास्त येतो.
मी घरी शंभर वेळा टाकून वहीत लिहिलं.
एकोणीस वेळा सात.
असला फासा चालत नाही. हे मला सांगायचं होतं.
मी सांगितलं नाही.
आता तौफिकसुद्धा तोच मागतो,
दुकानातले निळे, पारदर्शक, बिनचूक फासे
डबीत हळदीची धूळ खात पडलेत.

तलवार झाली. पाचव्या खेपेला,
खेळातल्या साडेतीन महिन्यांनी.
मी पुस्तक उघडलं, धार मोजली :
बाजारात पंधरा मोहरांना मिळते तेवढीच.
एक आकडा इकडं नाही, तिकडं नाही.
माहितेय, शीतल म्हणाला.

तौफिकनं रुमाल काढला. विकतोस?
शीतलनं हात पुढं केला.
रुमालाखाली दोन हात बराच वेळ होते,
कापड हललं नाही.
मग तौफिकनं रुमाल उचलला, घडी घातली,
म्हणाला, एवढे नाहीत माझ्याकडं.
कुणी किती बोटं दाबली, आम्हाला कळलं नाही.

राक्षसानं तोवर तीन गावं खाल्ली होती.
त्यांची नावं माझ्या वहीत आहेत.
पुढचा रविवार तिथूनच सुरू करायचाय.